इन्फॉर्मॅटिका ॲडमिनचं पद: आधी अधिकार ठरवा, मग माणूस शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक बिगर-बँक वित्तसंस्था. रोज रात्री वेगवेगळ्या प्रणालींतला डेटा एका मोठ्या साठ्यात (डेटा वेअरहाउसमध्ये) भरण्याचे जॉब, म्हणजे लोड, इन्फॉर्मॅटिका पॉवरसेंटर या डेटा हलवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात. वीसेक डेव्हलपर आहेत आणि डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन (जिथे खरं काम चालतं) अशी तीन एन्व्हायर्नमेंट. हे सॉफ्टवेअर सांभाळायचं, म्हणजे ॲडमिनचं काम सध्या सगळ्यात सीनियर डेव्हलपर आणि ओरॅकलचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) मिळून जमेल तसं निभावतात. आता वरिष्ठांनी वेगळ्या पदाला होकार दिला आहे, तर पदाच्या वर्णनात काय लिहायचं, माणूस कुठून आणायचा आणि एक माणूस पुरेल का?

वेगळं पद हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जाहिरात काढण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवून घ्या. प्रॉडक्शनमध्ये काय जाईल, कधी जाईल आणि कोणाला कोणता ॲक्सेस मिळेल, यावर शेवटचा शब्द या माणसाचा असणार आहे का? नसेल, तर तुम्हाला सर्व्हिस रीस्टार्ट करणारा आणि पासवर्ड बदलून देणारा माणूस मिळेल, आणि चांगला असेल तर तो लवकरच दुसरीकडे जाईल. हे पद फसलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. बहुतेक वेळा माणूस कच्चा नव्हता. जबाबदारी सगळी त्याच्या गळ्यात होती आणि अधिकार प्रोजेक्ट मॅनेजरकडे. पहाटे लोड पडला की फोन त्याला यायचा, पण आदल्या दिवशी संध्याकाळी टेस्ट न झालेला बदल घुसवू नका असं म्हणायची मुभा त्याला नव्हती.

हे काम नेमकं कुठे असतं

डेव्हलपरला पॉवरसेंटर म्हणजे डिझायनर, वर्कफ्लो मॅनेजर आणि मॉनिटर एवढंच दिसतं. त्याच्याखाली एक डोमेन असतं, म्हणजे सगळ्या सर्व्हिस एकत्र सांभाळणारी चौकट. डोमेनमध्ये एक किंवा अनेक नोड (म्हणजे सर्व्हर मशीन), त्यातला किमान एक गेटवे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणारा. डोमेनची स्वतःची माहिती एका डेटाबेसमध्ये राहते. मॅपिंग (डेटा कुठून कुठे, कसा बदलून न्यायचा याचे नियम) आणि वर्कफ्लो (ते चालवायचा क्रम) साठवणारी रिपॉझिटरी डेटाबेसच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे स्कीमात, तिच्यावर रिपॉझिटरी सर्व्हिस, आणि प्रत्यक्ष डेटा हलवणारी इंटिग्रेशन सर्व्हिस वेगळी. यातली एक कडी तुटली की सगळं थांबतं.

या प्रत्येक कडीला कोणीतरी मालक असतो. डेटाबेसचा डीबीए, सर्व्हरचा लिनक्स ॲडमिन, नेटवर्कची वेगळी टीम. मधल्या जागेला मालक नसतो. सेशन लॉग (मॅपिंग चालवणारं काम म्हणजे सेशन, त्याची नोंद) आणि कॅश फायलींनी शेअर्ड डिस्क कधी भरेल? डेटाबेसच्या जोडणीची माहिती ठेवणाऱ्या टीएनएसनेम्स आणि ओडीबीसीच्या फायलींमध्ये कोणी काय बदललं? कन्सोलचं (ब्राउझरमधून डोमेन सांभाळायच्या पानाचं) सुरक्षा सर्टिफिकेट कोणत्या तारखेला संपतं? लायसन्स कधी संपतं? (ते संपलं तर सर्व्हिस चालू होत नाहीत, आणि ती तारीख बऱ्याच ठिकाणी फक्त खरेदी विभागाच्या ईमेलमध्ये असते.) एकाच वेळी किती फायली उघडता येतील, याची इन्फॉर्मॅटिकाच्या युजरला दिलेली मर्यादा सर्व्हर बदलल्यावर पुन्हा लावली का? यातलं एकही काम डीबीएचं नाही, लिनक्सवाल्याचं पूर्णपणे नाही आणि डेव्हलपरचं तर नाहीच. पदाचं वर्णन लिहायला बसाल तेव्हा सुरुवात याच मधल्या जागेपासून करा.

बॅकअपवर थोडं थांबते, कारण जबाबदारी वाटून घेतली की सगळ्यात महाग पडणारं भोक इथेच राहतं. ‘स्कीमाचा बॅकअप रोज होतो’ असं डीबीए सांगतो आणि ते खरंही असतं. पण रिपॉझिटरीचा स्वतःचा बॅकअप पीएमरेप कमांडने वेगळा घ्यावा लागतो आणि डोमेनचा इन्फासेटअपने वेगळा. शिवाय आवृत्ती ९.६ पासून डोमेनची एक साइट-की असते. ती एक छोटी फाइल आहे, आणि डोमेनमधले पासवर्ड व इतर संवेदनशील माहिती तिच्या आधारे कूटबद्ध होते. ही फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर पडून असेल आणि ती डिस्क गेली, तर डेटाबेसचा उत्तम बॅकअप हातात असूनही डोमेन पूर्ववत उभं करता येत नाही. म्हणून जबाबदारी अशी लिहा: ‘दर तिमाहीला रिपॉझिटरी आणि डोमेन वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून, निवडक वर्कफ्लो चालवून दाखवणे, आणि साइट-कीची प्रत दोन वेगळ्या सुरक्षित ठिकाणी असल्याची खात्री करणे.’ नुसतं ‘बॅकअप घेणे’ लिहिलं तर बॅकअप घेतले जातील आणि तपासले कधीच जाणार नाहीत.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०२१ चं. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी जगजाहीर झाली आणि त्या आठवड्यात प्रत्येक आयटी प्रमुख एकच प्रश्न विचारत होता: आपल्याकडे ही लायब्ररी कुठे कुठे आहे? ज्यांच्याकडे प्लॅटफॉर्मचा स्वतंत्र ॲडमिन होता, त्यांना कोणत्या नोडवर कोणती आवृत्ती आणि कोणता हॉटफिक्स (विक्रेत्याने दिलेली दुरुस्ती) आहे हे यादी उघडून सांगता आलं. बाकीच्या ठिकाणी डेव्हलपर रात्र रात्र सर्व्हरवर फायली शोधत बसले. ती यादी अद्ययावत ठेवणं हे कोणाच्याही तिकिटात न येणारं काम आहे. त्यासाठी पदाच्या वर्णनात वेगळी ओळ असलीच पाहिजे.

बाकी कामं पटकन सांगते, त्यात वाद नाही. युजर, ग्रुप, रोल आणि फोल्डर-परवानग्या, कनेक्शन ऑब्जेक्ट आणि त्यांचे पासवर्ड, एका एन्व्हायर्नमेंटमधून दुसऱ्यात बदल नेणं, पॅच आणि अपग्रेड, सर्व्हिसवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट आणि अलर्ट, विक्रेत्याकडच्या सपोर्ट केस, पुढच्या वर्षी डिस्क आणि प्रोसेसर किती लागतील याचा अंदाज, डीआर ड्रिल (आपत्तीनंतर प्रणाली पुन्हा उभी करायचा सराव). पॉवरसेंटरमध्ये हाय अव्हेलेबिलिटी (एक नोड पडला तरी काम चालू राहण्याची सोय) हा वेगळ्या लायसन्सचा पर्याय आहे. तो तुम्ही घेतला आहे का, हे माहीत असणं आणि घेतला नसेल तर नोड पडल्यावर काय होईल हे वरिष्ठांना आधीच लेखी कळवणं, हेही ॲडमिनचंच काम.

काय त्याचं नाही

हे तितकंच स्पष्ट लिहा, नाहीतर सहा महिन्यांत तुमचा ॲडमिन एकविसावा डेव्हलपर झालेला असेल. मॅपिंग लिहिणं, व्यवसायाचे नियम दुरुस्त करणं, टार्गेट टेबलमधला चुकलेला डेटा हाताने बदलणं, स्त्रोत प्रणालीचा मालक डेटा का पाठवत नाही याचा पाठपुरावा करणं, यातलं काहीच ॲडमिनचं नाही. रात्री जॉब हिरवे की लाल हे बघत बसणं ऑपरेशन्सचं काम आहे. ॲडमिनला फोन प्लॅटफॉर्म बिघडल्यावर जावा, सेशन फेल झाल्यावर नव्हे.

खरं भांडण सीमेवर होतं. सेशन पडला, डेव्हलपर म्हणतो सर्व्हरचा दोष, ॲडमिन म्हणतो मॅपिंगचा. मी वापरत असलेला नियम साधा आहे. एकाच फोल्डरमधलं एकच सेशन पडत असेल तर पहिला तास डेव्हलपरचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फोल्डरमध्ये तीच चूक दिसत असेल तर पहिला तास ॲडमिनचा. आणि वेगाची तक्रार असेल तर कोणीही मत मांडण्याआधी सेशन लॉग उघडायचा. त्याच्या शेवटी रीडर, ट्रान्सफॉर्मेशन आणि रायटर थ्रेड किती टक्के वेळ व्यस्त होते हे छापलेलं असतं. रीडर जवळजवळ शंभर टक्के व्यस्त आणि बाकीचे रिकामे, म्हणजे स्त्रोताकडून डेटा हळू येतो आहे. रायटर अडकला असेल तर टार्गेटकडे बघा: इंडेक्स, लॉक, कमिट. ही तीन वाक्यं लिहून दोन्ही टीमच्या सह्या घ्या. निम्मे वाद तिथेच संपतात.

सीनियर डेव्हलपरच ॲडमिन का नको

तुमचा सीनियर डेव्हलपर प्लॅटफॉर्म बहुधा सगळ्यात चांगला ओळखतो, म्हणून हा मोह होतो. तरीही नको.

पहिलं कारण नियंत्रणाचं. जो कोड लिहितो तोच प्रॉडक्शनमध्ये चढवतो आणि परवानग्याही तोच देतो, हे कोणत्याही ऑडिटरला खटकणार. तुम्ही वित्तसंस्था आहात. आयटी गव्हर्नन्स, जोखीम, नियंत्रणं आणि अ‍ॅश्युरन्स यांवरचा रिझर्व्ह बँकेचा मास्टर डायरेक्शन ७ नोव्हेंबर २०२३ चा, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला. गरजेपुरताच ॲक्सेस आणि विशेषाधिकार असलेल्या खात्यांवर कडक नियंत्रण हे त्यात स्पष्ट आहे. मोठ्या बिगर-बँक वित्तसंस्थाही त्याच्या कक्षेत येतात. अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी पुण्यातून काम करणाऱ्यांना हाच प्रश्न २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याच्या ४०४ कलमाखाली विचारला जातो. दोन्हीकडे उत्तर एकच लागतं: बदल करणारा, मंजूर करणारा आणि चढवणारा हे वेगळे असल्याचा पुरावा.

दुसरं कारण वेळेचं, आणि रोजच्या कामात तेच जास्त दुखतं. डेव्हलपरच्या डोक्यावर डिलिव्हरीची तारीख असते. तारीख आणि पॅच यांची टक्कर झाली की दर वेळी पॅच हरतो. तीन तिमाही असं झालं की प्लॅटफॉर्म इतका मागे पडतो की अपग्रेड हा वेगळा प्रकल्प होऊन बसतो.

डीबीएचं तसं नाही. तिथे हितसंबंध आड येत नाहीत, पण त्याचं लक्ष डेटाबेसच्या सीमेवर संपतं. डोमेनचे लॉग वाचायची त्याला सवय नसते आणि ती असावी अशी अपेक्षाही चूक आहे.

लॉगचाच आणखी एक मुद्दा. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आपल्या आयसीटी (संगणक आणि संपर्क) प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, सर्व प्रणालींची घड्याळं जुळलेली असावी लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. पॉवरसेंटरमध्ये सेशन लॉग किती रनपर्यंत ठेवायचे हे प्रत्येक सेशनच्या सेटिंगमध्ये असतं, म्हणजे निर्णय नकळत डेव्हलपरच्या हातात जातो. एखाद्याने डिस्क वाचवायला तो आकडा कमी केला की मागचा माग पुसला गेला. कोणते लॉग किती दिवस, कुठे हलवायचे, कोण वाचू शकतो, हे धोरण ॲडमिनने ठरवायचं, माहिती सुरक्षा विभागाशी बोलून.

किती माणसं

डेव्हलपरच्या संख्येवरून ॲडमिनची संख्या काढू नका. वीस डेव्हलपर एका डोमेनवर शिस्तीत काम करत असतील तर प्लॅटफॉर्मवर भार कमी असतो. पाच डेव्हलपर तीन वेगळ्या आवृत्त्यांवर, आठवड्याला तीन रिलीज करत असतील तर माणूस पुरत नाही. भार ठरतो तो डोमेन किती, आवृत्त्या किती, आठवड्याला बदल किती आणि लोड चुकला तर व्यवसायाला किती वेळ परवडतो यावर.

खरी चोवीस तास शिफ्ट हवी असेल तर गणित टाळता येत नाही. आठवड्याचे १६८ तास, एका माणसाचे ४०, म्हणजे सुट्ट्या आणि आजारपण धरण्याआधीच ४.२ माणसं. प्रत्यक्षात पाच. तुम्हाला ती गरज नाही. सकाळी नऊच्या आत वेअरहाउस तयार असलं की तुमचं काम भागतं. त्यासाठी ऑन-कॉल पुरे.

पण ऑन-कॉल एका माणसावर चालत नाही. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण यात माणसं अक्षरशः आजारी पडलेली मी पाहिली आहेत. एकटा ॲडमिन कधीच सुट्टीवर नसतो. गणपतीला कोकणात गावी गेलेला माणूस रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर लॅपटॉप घेऊन बसला असेल, तर ती त्याची निष्ठा म्हणून कौतुकाची गोष्ट नाही, ती तुमच्या नियोजनातली उणीव आहे. तुमच्या वर्णनावरून माझा सल्ला: एक पूर्णवेळ ॲडमिन, आणि एक उपॲडमिन ज्याचा निम्मा वेळ अधिकृतपणे या कामाला राखलेला असेल. ‘गरज लागली तर मदत करेल’ असा नव्हे. त्याचा उरलेला वेळ लिनक्स किंवा डेटाबेस टीमला द्या, डेव्हलपमेंटला देऊ नका, नाहीतर आधीचाच प्रश्न मागच्या दाराने परत येईल. तिसरा माणूस ऑपरेशन्समधला, ज्याला लेखी सूचनांच्या आधारे सर्व्हिस तपासणं आणि ठरावीक चार-पाच दुरुस्त्या करता येतात. म्हणजे पहाटेचा पहिला फोन त्याच्याकडे जातो आणि खरंच गरज असेल तेव्हाच पुढे येतो.

बाहेरच्या कंपनीकडून ॲडमिन घ्यायचा पर्याय आहेच, आणि पुणे-हैदराबाद-बेंगळुरूत असे गट सहज मिळतात. एकच गट पाच ग्राहक सांभाळतो. नेहमीची कामं, पॅच, रात्रीची देखरेख यासाठी ते ठीक आहे. पण अधिकाराचा जो भाग मी वर सांगितला, तो बाहेर देऊ नका. प्रॉडक्शनला ‘नाही’ म्हणणारा माणूस तुमच्या पगारपत्रकावर हवा. कंत्राटी माणूस ग्राहकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरला नाही म्हणत नाही, आणि त्याने म्हणावं अशी अपेक्षा करणंही योग्य नाही.

माणूस कुठून आणायचा

‘इन्फॉर्मॅटिकाचा ८ वर्षांचा अनुभव, ॲडमिनची माहिती असल्यास प्राधान्य’ अशी जाहिरात काढलीत तर अर्ज डेव्हलपरचे येतील, आणि त्यातले बरेच जण डेव्हलपमेंटला कंटाळलेले असतील. माझा अनुभव असा की चांगले इंटिग्रेशन ॲडमिन लिनक्स ॲडमिनमधून तयार होतात. ज्याला शेल स्क्रिप्ट सहज लिहिता येते, परवानग्या आणि प्रोसेस कळतात, लॉग वाचायचा कंटाळा येत नाही, त्याला पॉवरसेंटर शिकवायला काही महिने लागतात. उलट दिशेने, मॅपिंगमध्ये मुरलेल्या माणसाला सिस्टीमची शिस्त शिकवणं फार जड जातं. अपवाद असतात. तुमच्याच टीममध्ये एखादा डेव्हलपर असेल जो कोणी न सांगता डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट लिहितो, बदलांची नोंद ठेवतो, इतरांचे एन्व्हायर्नमेंटचे प्रश्न सोडवतो. असा माणूस असेल तर बाहेर शोधूच नका. फक्त त्याची डेव्हलपमेंट पूर्ण सोडायची तयारी आहे का हे मोकळेपणाने विचारा, आणि त्याला विचार करायला वेळ द्या.

जाहिरातीत वर्षं लिहू नका, केलेली कामं लिहा. एक तरी अपग्रेड सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं आहे. रिस्टोअर प्रत्यक्ष करून पाहिलं आहे. कंपनीच्या युजर-खात्यांच्या यादीशी (एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी) जोडणी केली आहे. विक्रेत्याकडची गंभीर केस शेवटास नेली आहे. दोन मुद्दे जरी खरे निघाले तरी बोलावून घ्या.

मुलाखतीत मी तीन प्रसंग देते.

पहिला: रविवारी सर्व्हरचे पॅच झाले, रीबूट झाला, आणि आता इंटिग्रेशन सर्व्हिस चालू होत नाही. चांगला उमेदवार आधी प्रश्न विचारतो. डोमेन वर आहे का? कन्सोल उघडतो का? बाकीच्या सर्व्हिस चालू आहेत का? एकच नोड की सगळे? मग तो नोडचे लॉग बघतो, डोमेनचा डेटाबेस पोहोचतो का हे तपासतो, डिस्क भरली आहे का बघतो, आणि रीबूटनंतर शेअर्ड फाइल सिस्टीम पुन्हा माउंट झाली (सर्व्हरला जोडली गेली) का हे विचारतो. हा शेवटचा मुद्दा आपण न सुचवता त्याने स्वतःहून काढला, तर त्या माणसाने हे प्रत्यक्ष भोगलेलं आहे. लॉगची प्रत न घेता ‘पुन्हा रीस्टार्ट करेन’ हे पहिलंच उत्तर आलं तर मी सावध होते.

दुसरा: ३१ मार्चची रात्र, अकरा वाजलेत, डेव्हलपर म्हणतो मला प्रॉडक्शन फोल्डरवर लिहायची परवानगी दे, दहा मिनिटांचं काम आहे. लगेच देणारा नको, आणि नियम वाचून दाखवून फोन ठेवणाराही नको. मला ऐकायचं असतं ते असं: परवानगी मिळणार नाही, पण बदल टेस्टमध्ये करून दे, आपत्कालीन मंजुरी या या व्यक्तीकडून घेऊ, चढवायचं काम मी करतो, आणि आत्ताची आवृत्ती आधी एक्स्पोर्ट करून ठेवतो म्हणजे मागे येता येईल. नकाराबरोबर वाट दाखवता येणं, हा या पदासाठी सगळ्यात दुर्मीळ गुण आहे आणि तो शिकवता येत नाही.

तिसरा लेखी: ठरावीक दिवसांपेक्षा जुने सेशन लॉग हलवणारी शेल स्क्रिप्ट लिहा, पण फेल झालेल्या सेशनचे लॉग जागेवर राहिले पाहिजेत. स्क्रिप्ट चालली नाही तरी हरकत नाही. रस्त्यात डिस्क भरली तर काय, हलवताना फाइल उघडी असेल तर काय, हे प्रश्न त्याच्या डोक्यात येतात का ते मी बघते.

कोणाच्या हाताखाली, आणि मोजमाप काय

ॲडमिन प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसावा. डेटा प्रमुख किंवा इन्फ्रास्ट्रक्चर प्रमुख, दोन्ही चालतात. माझा कल डेटा प्रमुखाकडे आहे, कारण इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये पॉवरसेंटर हे शेकडो सॉफ्टवेअरपैकी एक होऊन जातं आणि त्याच्या अपग्रेडसाठी कोणी भांडत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांमध्ये या कामावर ‘सपोर्ट’ असा शिक्का बसतो. मूल्यमापनात डेव्हलपर नवीन प्रकल्प दाखवतो आणि ॲडमिनकडे दाखवायला काही नसतं, कारण त्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. हा अन्याय पद तयार करतानाच दूर करता येतो, नंतर फार कठीण. त्याचं मोजमाप बंद केलेल्या तिकिटांवरून करू नका. तिकिटं वाढली म्हणजे काम वाढलं, असं नसतं. बघायचं ते हे: प्लॅटफॉर्म विक्रेत्याच्या सपोर्टमधल्या आवृत्तीवर आहे का, तिमाही रिस्टोअर झालं का, ऑडिटमध्ये ॲक्सेसवर शेरे आले का, नियोजित बदलांपैकी किती मागे घ्यावे लागले, आणि तो सुट्टीवर असताना काम अडलं का. शेवटचा निकष ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याने दस्तऐवज आणि उपॲडमिन नीट तयार केला आहे का हे त्यातूनच कळतं. अपग्रेडच्या शनिवार-रविवारची बदली सुट्टी आणि ऑन-कॉल भत्ता नेमणूकपत्रातच लिहा.

आणि त्याचा निम्मा आठवडा नियोजित कामासाठी मोकळा ठेवा. पूर्ण आठवडा तिकिटांनी भरला की पॅच, क्षमता-नियोजन, सफाई हे सगळं ‘पुढच्या महिन्यात’ जातं.

क्लाउडवर जाणार असाल तर

हा प्रश्न तुमचे वरिष्ठ विचारतीलच: सगळं क्लाउडवर जाणार, मग ॲडमिन कशाला? पॉवरसेंटर १०.५ चा नेहमीचा सपोर्ट मार्च २०२६ पर्यंतच जाहीर झालेला होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सेल्सफोर्सने इन्फॉर्मॅटिका ताब्यात घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. त्यामुळे स्थलांतराची चर्चा तुमच्याकडे सुरू झाली नसली तर होईल. क्लाउडमध्ये रिपॉझिटरी आणि डोमेन सांभाळायचा भार विक्रेत्याकडे जातो, हे खरं. पण डेटा हलवणारा सिक्युअर एजंट तुमच्याच मशीनवर, तुमच्याच नेटवर्कमध्ये चालतो. त्याचा सर्व्हर, डिस्क, प्रॉक्सी, बाहेर जाणारा ४४३ पोर्ट, एजंटचे गट, ड्रायव्हर हे सगळं तुमचंच राहतं. परवानग्या आणि बदलांचं नियंत्रण तर जसंच्या तसं राहतं. शिवाय एक नवीन काम येतं. बिल वापराच्या युनिटवर येतं, त्यामुळे दर तासाला विनाकारण चालणारा एखादा जॉब आता थेट पैसे खातो, आणि ते पकडणारा कोणीतरी लागतो. स्थलांतर चालू असेपर्यंत तर दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच वेळी सांभाळायचे असतात. त्या काळात माणूस कमी करू नका, एक वाढवा.

रुजू झाल्यावर

पहिल्या महिन्यात त्याच्याकडून नवीन काही करून घेऊ नका. कोणत्या नोडवर काय आहे, कोणाकडे कोणता ॲक्सेस आहे, कोणतं सर्टिफिकेट आणि लायसन्स कधी संपतं, याची यादी त्याने स्वतः बनवावी. जुनी यादी असली तरी नव्याने. दुसऱ्या महिन्यात एक रिस्टोअर, तुमच्या डीबीएला सोबत बसवून.

तिसऱ्या महिन्यात अधिकारांचं हस्तांतर. इन्स्टॉलच्या वेळी तयार झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड बदलून सीलबंद तिजोरीत किंवा पासवर्ड-व्हॉल्टमध्ये जातो, रोजच्या कामासाठी प्रत्येकाचं नावाचं खातं. डेव्हलपरना प्रॉडक्शन फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी आणि मॉनिटरमधून लॉग बघायची सोय. त्यांना लॉग दिसलेच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक तक्रार ॲडमिनकडे येईल. तुमच्या सीनियर डेव्हलपरचा ॲडमिन रोल एका ठरलेल्या तारखेला निघतो. इतकी वर्षं त्याने हा डोलारा सांभाळला आहे. म्हणून तो रोल गुपचूप काढू नका. तारीख त्याच्याशी बोलून ठरवा, त्याला माहीत असलेले सगळे बारकावे त्या आधी लिहून घ्या, आणि काढताना त्याच्या वरिष्ठांनी सगळ्या टीमला स्वतः कळवावं की आजपासून प्रॉडक्शनचा शब्द कोणाचा आहे. तारीख ३१ मार्चच्या आसपासची ठेवू नका. एप्रिलचा पहिला पंधरवडा जाऊ द्या.